पहिल्या नंबरची खोकी

10 ऑक्टोबर 2012 या दिवशी जगातली सर्वांत मोठी पीसी कंपनी एक नव्हती, दोन होत्या. गार्टनर या संशोधन संस्थेने जुलै ते सप्टेंबर तिमाहीत कुणाचा बाजारात किती हिस्सा याचा तक्ता काढला, त्यात लेनोवो 15.7 टक्क्यांवर पहिली आणि एचपी 15.5 वर दुसरी. आयडीसी या दुसऱ्या संस्थेने तीच तिमाही मोजली आणि तिच्या तक्त्यात एचपी 15.9 वर पहिली, लेनोवो 15.7 वर दुसरी. लेनोवोने गार्टनरचा कागद फडकवला. एचपीने आयडीसीचा पुढे केला आणि वर सुनावलं की काही अहवाल बाजार पुरता मोजतच नाहीत, वर्कस्टेशनसारखा महत्त्वाचा वर्ग त्यात धरलेलाच नसतो. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

त्या तिमाहीचा एकूण बाजार पावणेनऊ कोटी नगांचा होता आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर लाख-दोन लाखांचं. एवढ्या ढिगात दोन लाख म्हणजे मोजणाऱ्याच्या बोटांना चिकटून राहिलेली रांगोळी. वर्कस्टेशन म्हणजे इमारतींची ड्रॉइंग, चित्रपटातले इफेक्ट असल्या जड कामांचं यंत्र. इंटेलचा झिऑन प्रोसेसर, स्वतःची चूक स्वतः पकडणारी ईसीसी मेमरी, आणि त्याला साजेशी किंमत. या वर्गात एचपीच्या झेड मालिकेचा जम होता. ते धरलं की एचपी वर, वगळलं की लेनोवो वर. बाजार तोच, आठवडे तेच, खोकीही तीच. बदलली ती फक्त चाळणी.

म्हणून पीसी कंपन्यांच्या हिश्शावरून वाद घालणाऱ्या दोघांना आधी एकच विचारावं: काय मोजलं? बहुतेक वेळा भांडण तिथंच मिटतं. पण हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण तक्ता दिसतो फार नेटका. पाच नावं, सहावी ओळ ‘इतर’, दशांश चिन्हानंतर एक आकडा. दशांश चिन्ह दिसलं की माणूस वाद सोडून देतो.

तो दशांश कसा तयार होतो हे पाहण्यासारखं आहे. तिमाही संपल्यावर दहा-बारा दिवसांत हे तक्ते बाहेर पडतात. तोवर बहुतेक कंपन्यांनी स्वतःचे निकालही जाहीर केलेले नसतात. मग विश्लेषक देशोदेशीच्या डिस्ट्रिब्युटरांशी बोलतात, कंपन्यांच्या माणसांकडून आकडे घेतात आणि तैवानकडे बघतात. जगातले बहुसंख्य लॅपटॉप ज्यांच्या कारखान्यांतून निघतात त्या क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन या कंपन्या तैवानच्या, आणि तिथल्या नियमाप्रमाणे नोंदणीकृत कंपनीला मागच्या महिन्याची उलाढाल पुढच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत सांगावी लागते. एवढ्या धाग्यांवरून कापड विणायचं. तक्त्यावर बारीक अक्षरात ‘प्राथमिक’ असं लिहिलेलं असतं, ते उगाच नाही. पुढच्या तिमाहीत आकडे गुपचूप सुधारले जातात. त्यामुळे मागच्या वर्षीच्या बातमीतला आकडा आणि यंदाच्या बातमीतला आकडा घेऊन वाढीचा टक्का काढू नये. यंदाच्याच तक्त्यात मागच्या वर्षाचा जो रकाना असतो तोच घ्यावा. ही चूक पत्रकार करतात, गुंतवणूकदार करतात, आणि अधूनमधून कंपन्यांचे सेल्स मॅनेजरही करतात. ते बहुधा जाणूनबुजून.

ॲपलचं प्रकरण आणखी नाजूक. 2018 च्या शेवटच्या तिमाहीपासून ॲपलने किती मॅक विकले हे सांगणंच बंद केलं. सांगते ती फक्त रक्कम. तेव्हापासून तक्त्यातला मॅकचा आकडा हा निव्वळ अंदाज आहे. जानेवारी ते मार्च 2023 मध्ये मॅकचे नग 40.5 टक्क्यांनी घटल्याचं आयडीसीने सांगितलं. ॲपलच्या स्वतःच्या हिशेबात मॅकची विक्री 10.44 अब्ज डॉलरवरून 7.17 अब्जांवर आली होती, म्हणजे घट 31 टक्के. दोन्ही आकडे खरे धरायचे तर एका मॅकची सरासरी किंमत वर्षात 15 टक्क्यांनी चढायला हवी. हे पचायला जड जातं. तरी त्या आठवड्यात मथळे चाळीस टक्क्यांचेच झाले.

चाळणीचा सर्वांत मोठा घोळ 2020 मध्ये झाला. घरून काम, घरून शाळा, आणि जगभर लॅपटॉपचा दुष्काळ. आयडीसीच्या मते त्या वर्षी 30 कोटी 26 लाख पीसी बाहेर पडले, वाढ 13.1 टक्के. गार्टनरच्या मते 27 कोटी 50 लाख, वाढ 4.8 टक्के. फरक पावणेतीन कोटी नगांचा! हे सगळे गेले कुठे? ते अमेरिकेतल्या शाळांच्या दप्तरांत होते. क्रोमबुक म्हणजे गूगलच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा स्वस्त लॅपटॉप; तो आयडीसी पीसीत धरते, गार्टनर तेव्हा वेगळं मोजत होती, आणि त्या वर्षी क्रोमबुक जवळपास तीन कोटी गेली होती. उलट कीबोर्ड सुटा होणारं विंडोजचं सरफेस गार्टनर पीसीत धरायची आणि आयडीसी टॅबलेटमध्ये टाकायची. म्हणजे एकच यंत्र एका कचेरीत संगणक आणि रस्ता ओलांडून गेलं की पाटी. याच्याही आधी, जानेवारी 2012 च्या तक्त्यात, कॅनालिस या तिसऱ्या संस्थेने आयपॅडलाही पीसीत धरलं होतं. ॲपलचे त्या तिमाहीतले दीड कोटी आयपॅड आणि 52 लाख मॅक यांची बेरीज झाली आणि ॲपल जगातली पहिल्या नंबरची पीसी कंपनी ठरली. ते ऐकून एचपीच्या कचेरीत काय झालं असेल ते असो. पण आयपॅडने लोकांचे लॅपटॉप खरेदीचे बेत पुढे ढकलले होते हे खरंच होतं. तेवढ्यापुरतं कॅनालिसचं गणित इतरांपेक्षा प्रामाणिक म्हणावं लागेल.

पण ‘काय मोजलं’ यापेक्षा ‘कुठे उभं राहून मोजलं’ हा प्रश्न जास्त जीवघेणा आहे. तक्त्यात असते ती शिपमेंट. आपल्याकडच्या वितरणाच्या धंद्यात यासाठी चोख शब्द आहेत. कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरकडे गेला तो माल प्रायमरी, डिस्ट्रिब्युटरकडून दुकानदाराकडे गेला तो सेकंडरी, आणि गिऱ्हाइकाच्या हाती पडला तो टर्शरी. साबण असो, बिस्किटं असोत की लॅपटॉप, हे शब्द तेच. जागतिक तक्ता मुख्यतः प्रायमरी मोजतो. खोकं गोदामातून निघालं की कंपनीच्या खात्यात नग पडला. ते पुढे कुणाच्या टेबलावर उघडलं की माळ्यावर धूळ खात बसलं, याच्याशी तक्त्याला देणंघेणं नाही.

एक छोटा हिशेब मांडून बघा. एक डिस्ट्रिब्युटर महिन्याला 300 लॅपटॉप विकतो, म्हणजे तिमाहीला 900. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीचा माणूस येतो. टार्गेट अडलेलं असतं. ‘शेठ, 500 चा स्लॅब गाठा, वरचे दोन टक्के तुमचे, पेमेंटला पंधरा दिवस जास्त घ्या.’ शेठ माल उचलतात. तिमाहीचं बिलिंग होतं 1,100. कंपनीच्या कागदावर 22 टक्के वाढ. एप्रिलमध्ये शेठकडे 200 नग आधीच पडून असतात, त्यामुळे ते 100 च मागवतात. पुढच्या तिमाहीचं बिलिंग 700, नेहमीच्या 900 पेक्षा घट 22 टक्के. आता बाजारात तेजी येऊन मंदी आली असं कुणीतरी लिहितं. गिऱ्हाइकांनी दोन्ही तिमाह्यांत 900 च घेतलेले असतात. तेजीही नव्हती, मंदीही नव्हती; होता तो फक्त 31 मार्च.

ते जादा 200 नग दिवसेंदिवस नासत असतात, हे लॅपटॉपच्या खोक्याकडे बघून कळत नाही. आंबा नासलेला वासावरून समजतो. लॅपटॉपच्या पिढ्या बदलतात, नवा प्रोसेसर जाहीर होतो आणि कालचा माल एका सकाळीत जुना होतो. बंद खोक्यातली बॅटरीही हळूहळू उतरते. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकला की अनेकदा वॉरंटी माल कारखान्यातून निघाल्यापासून मोजलेली दिसते. आठ महिने पडून राहिलेला लॅपटॉप घेणाऱ्याला चारच महिने शिल्लक दिसतात आणि मग बिलाची प्रत पाठवून तारीख दुरुस्त करून घ्यावी लागते. नवा लॅपटॉप घेतल्यावर त्याच दिवशी हे तपासावं. तारखांतलं अंतर जेवढं मोठं, तेवढं ते खोकं कुणाच्या तरी तिमाहीची इज्जत राखायला आधीच निघालेलं असण्याची शक्यता जास्त.

किंमत उतरली की शेठचा माल बुडीत जाऊ नये म्हणून कंपनी प्राइस प्रोटेक्शन देते. 40,000 ला घेतलेल्या नगाची किंमत 37,000 झाली तर शिल्लक मालावर नगामागे 3,000 ची क्रेडिट नोट. ऐकायला उदार वाटतं. पण याचा अर्थ असा की ढकललेल्या मालाचा बोजा फिरून कंपनीच्याच गळ्यात येतो, फक्त दोन तिमाह्या उशिरा. ज्याने टार्गेट गाठलं त्याची तोवर बढती झालेली असते, आणि क्रेडिट नोटा काढायला बसतो तो त्याच्या जागी आलेला माणूस.

एसरला हा धडा युरोपात मिळाला. 2007 मध्ये आसुसने ईईई पीसी नावाचा छोटा, स्वस्त लॅपटॉप आणला आणि नेटबुकची लाट उठली. एसर त्या लाटेवर आसुसपेक्षाही जोरात स्वार झाली. 2007 मध्येच तिने 71 कोटी डॉलरला अमेरिकेतली गेटवे घेतली, नंतर पॅकार्ड बेल घेतली, आणि 2009 मध्ये डेलला मागे टाकून दुसऱ्या नंबरवर आली. तक्ता नग मोजतो. तीनशे डॉलरचं नेटबुक आणि दोन हजार डॉलरचा लॅपटॉप, दोघांचं मत एकच, अगदी लोकशाहीसारखं. पहिला नंबर हाकेच्या अंतरावर दिसत होता. मग 2010 मध्ये आयपॅड आला, नेटबुकची मागणी ओसरली, आणि युरोपातल्या डिस्ट्रिब्युटरांची गोदामं मात्र भरलेलीच राहिली. मार्च 2011 अखेर मुख्याधिकारी जियानफ्रँको लान्ची यांनी राजीनामा दिला. जूनमध्ये एसरने वितरकांकडे पडलेल्या मालापायी आणि थकबाकीपायी 15 कोटी डॉलरचा फटका जाहीर केला. ते वर्ष तोट्यात गेलं.

यातली गंमत अशी की याच एसरचे संस्थापक स्टॅन शिह यांनी 1992 मध्ये एक वक्र रेषा काढून दाखवली होती, जिला धंद्यात ‘स्माइल कर्व्ह’ म्हणतात. हसऱ्या ओठांसारखी रेषा: डावीकडे संशोधन आणि महत्त्वाचे सुटे भाग, उजवीकडे ब्रँड आणि सेवा, आणि मधोमध, सर्वांत खाली, जुळणी. पैसा दोन टोकांना असतो, मध्ये घाम असतो. पीसीच्या धंद्यात डावं टोक इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने धरून ठेवलं होतं. बाकीच्यांनी तळाशी उभं राहून कोण जास्त खोकी भरतो याची शर्यत लावली. शिह यांना 2013 मध्ये निवृत्तीतून परत येऊन कंपनी सांभाळावी लागली.

पहिल्या नंबरची वंशावळ वाचली तर प्रत्येक राजा जवळजवळ एकाच आजाराने गेलेला दिसतो. आयबीएमने ऑगस्ट 1981 मध्ये पीसी आणला तो बाजारात मिळणाऱ्या भागांतून आणि दुसऱ्याच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर. त्यामुळे नक्कल करणं सोपं झालं. ह्यूस्टनच्या कॉम्पॅकने ती इतकी नीट केली की 1986 मध्ये इंटेलच्या नव्या 386 प्रोसेसरचा पीसी तिने आयबीएमच्या आधी आणला. 1991 मध्ये कॉम्पॅकची कमान एकहार्ड फायफर यांच्याकडे गेली, पुढच्या उन्हाळ्यात किमती धडाधड उतरल्या आणि 1994 मध्ये कॉम्पॅक पहिली झाली. तिचा तेव्हाचा हिस्सा दहा टक्क्यांच्या आसपासचा. 2024 मध्ये पहिल्या नंबरला चोविसाच्या जवळ लागले; तेव्हाचं मैदान किती विस्कळीत होतं ते यावरून कळावं. पण कॉम्पॅकचा माल डीलरांच्या गोदामांतून जायचा. 1998 च्या सुरुवातीला तो तिथे इतका तुंबला की कंपनीचा नफाच आटला. त्याच वर्षी तिने 9.6 अब्ज डॉलरला डिजिटल ही संगणक कंपनी विकत घेतली. एप्रिल 1999 मध्ये फायफर यांना पद सोडावं लागलं.

डेलने नेमकी हीच जखम ओळखली होती. त्या काळी पीसीचे भाग आठवड्याला साधारण एक टक्क्याने स्वस्त होत, असं डेलवाले सांगत. चार आठवड्यांचा माल डीलरकडे पडून असेल तर चार टक्के वाफ झाले, आणि या धंद्यात नफाच पाच-सात टक्के. डेल ऑर्डर आली की मशीन जोडायची, गिऱ्हाइकाचे पैसे आधी घ्यायची, सप्लायरचे महिनाभराने द्यायची, आणि स्वतःकडे चार-पाच दिवसांचाच साठा ठेवायची. म्हणजे धंदा वाढेल तसं भांडवल लागण्याऐवजी हातात पैसा साचत जायचा. ढकलायला गोदामच नसल्यामुळे तिच्या शिपमेंटच्या आकड्यात फुगवटा जवळजवळ नव्हता. 2001 मध्ये डेलने कॉम्पॅकला गाठलं. एचपीने मे 2002 मध्ये कॉम्पॅक गिळून काही काळ पहिला नंबर घेतला, डेलने तो 2003 मध्ये परत घेतला.

हे सगळं मॉडेलचं यश म्हणून कौतुकाने वाचलं जातं. वाचावंच. पण जुलै 2010 मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने डेलवर खटला भरला, तेव्हा एक वेगळा आकडा बाहेर आला. एएमडी या इंटेलच्या प्रतिस्पर्ध्याचे प्रोसेसर वापरू नयेत म्हणून इंटेलकडून येणारी रक्कम डेल गुंतवणूकदारांना न सांगता आपल्या नफ्यात मिसळत होती, असा आरोप होता. आर्थिक वर्ष 2003 मध्ये ती रक्कम कामकाजाच्या नफ्याच्या दहा टक्के होती. आर्थिक वर्ष 2007 च्या पहिल्या तिमाहीत, म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल 2006 मध्ये, ती 76 टक्क्यांवर पोचली होती. डेलने आरोप मान्य वा अमान्य न करता 10 कोटी डॉलर दंड भरला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण जुनी, पण इथे वाळासुद्धा शेजारणीने उसना दिलेला होता. 2006 मध्ये डेलने एएमडी घ्यायला सुरुवात केली, वाळा परत गेला, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात पहिला नंबर एचपीकडे.

आणि एचपीचं काय? ऑगस्ट 2011 मध्ये, पहिल्या नंबरवर बसलेली असताना, कंपनीने जाहीर केलं की पीसीचा धंदा वेगळा काढायचा विचार चालू आहे. शिखरावर चढलेल्या माणसाने तिथल्या तिथे खाली उतरायची वाट विचारावी तसं ते होतं. मुख्याधिकारी बदलले आणि ऑक्टोबरात निर्णय फिरवला, पण तोवर मोठ्या गिऱ्हाइकांच्या मनात पाल चुकचुकून गेली होती. तीन वर्षांनी सर्व्हिस कोण देणार हे माहीत नसलेल्या कंपनीकडून दहा हजार डेस्कटॉप कोण घेईल?

आयबीएमने तर 2004 मध्येच पीसीचा धंदा लेनोवोला विकायला काढला होता. 1.25 अब्ज डॉलर, त्यातले निम्मे शेअरच्या रूपात. त्या धंद्याने आधीच्या साडेतीन वर्षांत सुमारे 96 कोटी डॉलरचा तोटा केला होता हे विक्रीच्या कागदपत्रांत नंतर दिसलं. लेनोवोने आयबीएमचा थिंकपॅड हा लॅपटॉप घेतला, चीनमधलं घरचं मैदान शाबूत ठेवलं, आणि नंतर हिस्सा विकत घेत गेली. 2011 मध्ये जपानच्या एनईसीशी भागीदारी, 2018 मध्ये फुजित्सुच्या पीसी धंद्याचे 51 टक्के. जपानी गिऱ्हाईक आजही दुकानात एनईसी किंवा फुजित्सुचं नाव बघून लॅपटॉप घेतो. तक्त्यात तो नग लेनोवोच्या ओळीत पडतो. 2013 पासून, 2017 च्या आसपासचा एचपीचा काळ सोडला, तर पहिला नंबर लेनोवोचाच आहे. तिच्या वाढीचा टक्का वाचताना मात्र यातली किती वाढ पेरून आली आणि किती शेजारचं शेत घेऊन आली, हे वेगळं काढावं.

वाढीच्या टक्क्याचं दुसरं दुखणं म्हणजे पाया. एप्रिल ते जून 2023 या तिमाहीत जगाचा बाजार 13 टक्क्यांहून जास्त घसरला, पण ॲपल 10.3 टक्क्यांनी वाढली. लगेच मॅकची जादू वगैरे लेख आले. एक वर्ष मागे गेलं की जादू उतरते. 2022 च्या त्याच तिमाहीत शांघायला लॉकडाऊन होता, मॅकबुक बनवणारा क्वांटाचा तिथला कारखाना अडकला होता, आणि ॲपलचे नग 22.5 टक्क्यांनी पडले होते. तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले तर साधारण 62 लाख, 48 लाख, 53 लाख. खड्ड्यातून जेमतेम तिसरा हिस्सा वर आलं, त्याला उंच उडी म्हटलं गेलं. यावर उपाय साधा आहे: दोन वर्षांची तुलना करावी किंवा चार तिमाह्यांची बेरीज घ्यावी.

हिश्शाचा टक्का तर पडतानाही वर जातो. जानेवारी ते मार्च 2023 मध्ये एचपीचे नग 24.2 टक्क्यांनी कमी झाले. बाजार 29 टक्क्यांनी पडला होता, म्हणून एचपीचा हिस्सा 19.8 वरून 21.1 झाला. पत्रकात ‘हिस्सा वाढला’ असं लिहिता येतं आणि ते खरं असतं. कारखान्यातल्या लाइनवर मात्र चारपैकी एक खोकं कमी झालेलं असतं. हा 1.3 चा फरक कुणी ‘1.3 टक्के वाढ’ म्हणून लिहिला तर तेही चूक. तो दोन टक्क्यांमधला फरक आहे; 19.8 च्या मानाने वाढ काढली तर ती साडेसहा टक्के निघते. असल्या वाक्यांवर बैठकीत तासभर भांडणं होतात.

नगांऐवजी पैसे धरले तर चित्र पालटतं. 2024 चा ओबडधोबड हिशेब: एचपीचे सुमारे पाच कोटी 30 लाख नग, पीसी विभागाची उलाढाल 36 अब्ज डॉलरच्या आसपास, म्हणजे नगामागे सातशे डॉलरच्या आत. ॲपलचे सव्वादोन कोटींच्या पुढे नग, मॅकची उलाढाल 30 अब्ज, म्हणजे नगामागे तेराशेच्या घरात. दोघांची वर्षं थोडी मागेपुढे आहेत, एचपीच्या रकमेत इतरही किरकोळ गोष्टी आहेत, तरी अंदाज यायला पुरे. तक्त्यात एचपी दुसरी, ॲपल चौथी. गल्ला उघडला तर दोघींत फार अंतर नाही.

भारताचा तक्ता वाचायचा तर त्याला आणखी एक चष्मा लागतो, टेंडरचा. जगात लेनोवो पहिली असली तरी इथे बरीच वर्षं एचपी पुढे आहे. 2024 मध्ये आयडीसीच्या मोजणीने देशात एक कोटी 44 लाख पीसी गेले, त्यात एचपी तीस टक्क्यांवर आणि लेनोवो सतराच्या आसपास. पण हा तक्ता एका सहीने हलतो. तमिळनाडूने 2011 पासून विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप वाटले, उत्तर प्रदेशने त्यानंतर 15 लाखांची ऑर्डर एचपीला दिली. ज्या तिमाहीत असले ट्रक सुटतात त्या तिमाहीत कुणीतरी झेप घेतं, आणि पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत बाजार कोसळलेला दिसतो. दुकानात ना ती झेप दिसली ना ती कोसळ. सरकारी ऑर्डर वजा करून उरलेला बाजार वेगळा वाचल्याशिवाय भारताच्या वाढीविषयी काहीही बोलू नये.

3 ऑगस्ट 2023 ला केंद्राने लॅपटॉपच्या आयातीवर परवान्याची अट घातली, दुसऱ्याच दिवशी ती 1 नोव्हेंबरपर्यंत पुढे ढकलली, आणि मधल्या तीन महिन्यांत कंपन्यांनी जमेल तेवढा माल देशात आणून ठेवला. वर दिवाळी नोव्हेंबरात. जुलै ते सप्टेंबरचा आकडा सुमारे 45 लाखांवर गेला, 14 टक्के वाढ. त्यात गिऱ्हाइकाचा उत्साह किती आणि परवान्याची धास्ती किती, हे प्रायमरीच्या आकड्यातून वेगळं होत नाही. ते दिवाळीनंतर मिळणाऱ्या डिस्काउंटवरून कळतं.

आणि तक्त्याची शेवटची ओळ. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस भारतातले निम्म्याहून जास्त पीसी या ‘इतर’ ओळीत होते. एचसीएल, विप्रो, मुंबईची झेनिथ यांची जाहिरातबाजी चालू असताना खरा पहिला नंबर होता सुटे भाग जोडून बनवलेल्या असेंबल्ड पीसीचा, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा आणि दिल्लीच्या नेहरू प्लेसचा. पुढे लॅपटॉप आले, घरी जोडता येत नाहीत म्हणून ही ओळ आकसली. एचसीएल आणि विप्रो 2013 मध्ये पीसी बनवण्यातून बाहेर पडल्या. पण गल्ली मेलेली नाही. तिथे आजही एखादा पोरगा कागदावर यादी लिहून येतो: प्रोसेसर, बोर्ड, सोळा जीबीच्या दोन रॅम, ग्राफिक्स कार्ड, साडेसहाशे वॅटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), काचेच्या दाराचं कॅबिनेट. प्रत्येकाचं पक्कं बिल, प्रत्येकाची वेगळी वॉरंटी. इंटेल किंवा एएमडी आपला प्रोसेसर विकला गेला म्हणून मोजते, एनव्हिडिया आपलं कार्ड मोजते. पीसी म्हणून तो मोजला गेलाच तर विकलेल्या प्रोसेसरांवरून बांधलेल्या अंदाजात, अर्ध्या-पाऊण नगासारखा. दुकानदार प्रोसेसरवर उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवतो, कूलर बसवतो, चारी स्क्रू आडवे-तिरपे थोडे थोडे आवळतो आणि स्विच दाबतो. पंखा फिरतो.